उणे विसातली ऊब

बाई पहिल्यांदा आमच्या मुलुंडच्या घरी आल्या तेव्हा सोफ्यावर बसल्याच नाहीत. चपला काढल्या, सासूबाईंना नमस्कार केला आणि सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी फ्रीजच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात टेकवला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवतात तसा.

"आजी, इकडे या. हात लावा इथे."

सासूबाईंनी बिचकत हात लावला. "अगं बाई, गरम लागतंय. बिघडला की काय?"

"बिघडलाय कसला! चांगला काम करतोय. ही ऊब कुठून आली सांगा."

"विजेची असेल."

"थोडी विजेची. बाकीची तुमच्या दुधातली, टोमॅटोतली, कालच्या उरलेल्या आमटीतली. आतली ऊब ओढायची आणि बाहेर फेकायची, एवढंच काम करतो हा. म्हणजे आमटीत ऊब होती की नाही?"

"आमटी थंडगार होती हो!"

"थंडगार आमटीतसुद्धा ऊब असते, आजी. काढणारा पाहिजे."

बाई गेल्यावर सासूबाई कितीतरी वेळ फ्रीजपाशी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "डोकं जोरात चालतं हं तुझ्या मैत्रिणीचं. पण तिच्या नादात चहा टाकायचाच राहिला."

मैत्रीण म्हणण्यासारखं आमच्यात काही नव्हतं. त्या माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या, अंधेरी पूर्वेच्या ज्या कारखान्यात आम्ही एसी बनवायचो तिथल्या टेस्टिंग विभागाच्या प्रमुख. मी परचेसमध्ये. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, घट्ट अंबाडा घालणाऱ्या. सुती साडीवर पुरुषाचा जुना शर्ट चढवायच्या, कारण साडीला खिसे नसतात आणि बाईंना खिशांशिवाय जगता येत नसे. एका खिशात थर्मामीटर, दुसऱ्यात टेप, पाना आणि लवंगा. पहिल्या दिवशी नवा सिक्युरिटीवाला त्यांना म्हणाला होता, "मावशी, हाउसकीपिंगचं गेट मागे आहे." बाई मागच्या गेटने आत गेल्या, आणि त्यानंतर मागचंच गेट वापरायला लागल्या. "ते जवळ पडतं," म्हणायच्या. पुढच्या गेटला मात्र कधी पाय लावला नाही.

डायरेक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये एसी अठरावर असायचा. बाई आत शिरल्या की आधी रिमोट उचलून सव्वीस करायच्या आणि मग बोलायला सुरुवात करायच्या. साहेब नंतर परत अठरा करायचे. एकदा साहेबांनी रिमोट ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. बाईंनी खुर्ची ओढली, वर चढल्या आणि युनिटचं बटण दाबून एसी बंदच केला.

"बाई, हे काय?"

"कुडकुडणारा माणूस अर्धवट ऐकतो, साहेब. मला पूर्ण ऐकणारा साहेब हवाय."

माझ्या पुतण्याचं लग्न बोरिवलीला होतं. पंगत बसली आणि बाई गायब. शोधत गेले तर हॉलच्या मागच्या बोळात बाई तिथल्या इलेक्ट्रिशियनशी तावातावाने भांडत होत्या. एसीच्या बाहेरच्या युनिटांची गरम हवा थेट आचाऱ्यांच्या अंगावर येत होती. "आत नवरानवरीला गारवा आणि त्यांची गरमी या लोकांनी खायची होय रे? फिरव तोंड त्याचं!" इलेक्ट्रिशियन म्हणाला, उद्या फिरवतो. बाई म्हणाल्या, "मग मीही उद्याच जेवते." शेवटी युनिटांची तोंडं फिरली तेव्हाच बाई पानावर बसल्या. आचाऱ्याने स्वतः येऊन त्यांना जिलब्या वाढल्या.

त्या वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या. आई मासळी विकायची. बाई इंजिनीअर झाल्या ते स्कॉलरशिपवर, आणि त्याआधी अकरावी-बारावीला हॉस्टेलवर त्यांची एक रूममेट होती. ती मेडिकलकडे गेली, डॉक्टर झाली आणि हिमाचलच्या एका उंच खोऱ्यात छोटं प्रसूतिगृह चालवायला जाऊन बसली. या डॉक्टरबाईंचा एक व्हॉइस मेसेज आला आणि तिथून सगळं सुरू झालं.

बाईंनी तो मला कँटीनमध्ये ऐकवला. मागे वाऱ्याचा आवाज होता. डॉक्टरबाई सांगत होत्या, की प्रसूतीच्या खोलीत बुखारी पेटवावी लागते. बुखारी म्हणजे लाकडाची लोखंडी शेगडी, धुराडं असलेली. धुराडं तुंबलं की खोलीभर धूर. नुकतं जन्मलेलं बाळ थंडीत ठेवावं तर गारठतं, शेगडीजवळ ठेवावं तर खोकतं. कोणी देणगीदाराने गरम हवेचे एसी बसवून दिले होते. दिवाळीपर्यंत चालले. खरी थंडी पडली तसा त्यांच्यावर बर्फ चढला आणि ते गार हवा फेकायला लागले. शेवटी म्हणत होत्या, "तू आयुष्यभर हीच यंत्रं करत्येस ना गं? मग एक असं कर ना, जे थंडीत मरत नाही."

बाईंनी फोन पालथा ठेवला. लवंग तोंडात टाकली. "ऐकलंस? मरत नाही असं कर म्हणते."

डायरेक्टरसाहेबांसमोर हा विषय निघाला तेव्हा मी तिथे होते, कारण त्यासाठी लागणारा वेगळ्या जातीचा कॉम्प्रेसर परदेशातून मागवायचा होता आणि ते काम माझं. बाईंनी समजावलं: आपला एसी उलटा चालवायचा, बाहेरच्या थंड हवेतली ऊब ओढून घरात आणायची. हीट पंप. जगात बर्फाळ देशांत घरंच्या घरं यावर गरम होतात. साध्या हीटरला जेवढी वीज लागते तिच्या निम्म्याहून कमी विजेत काम होतं, कारण हा ऊब तयार करत नाही, नुसती वाहून आणतो.

साहेब शांतपणे ऐकून म्हणाले, "बाई, आपण मुंबईत बसलोय. मुंबईत कसली थंडी?"

बाईंनी उजव्या हाताची बोटं डाव्या मुठीत घट्ट धरली.

साहेब वाईट नव्हते. पुढे म्हणाले, "आणि आपली टेस्टिंगची खोली उणे सातच्या खाली जात नाही. उणे विसात चालतं हे तुम्ही दाखवणार कुठे?"

"ते माझ्यावर सोडा."

"दाखवलंत तर बघू."

"दाखवते. पण यायचं तुम्ही. अठरावर बसायची सवय आहेच तुम्हाला."

उणे वीस मुंबईत कुठे मिळतं? बाईंना लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांच्या चुलतभावाचं मासळीचं शीतगृह होतं. कोळंबी, पापलेट, सुरमई, सगळं गोठवून ठेवायची जागा. बाहेर घामाच्या धारा आणि जाडजूड दरवाजा उघडला की आत हाडं गोठवणारी थंडी. कामगार कानटोप्या आणि जाकिटं घालून आत जातात आणि पटकन बाहेर येतात.

भावाने ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "बाय, तू माझ्या फ्रीझरमध्ये हीटर लावणार? माझी मच्छी वितळली तर व्यापारी मला सुकत घालतील गो!"

"अरे येड्या, तुझ्याच खोलीतली ऊब घेणार आणि तुझ्याच खोलीत ठेवणार. बाहेरून येणार ती फक्त वायरीतली वीज. दोन बल्ब जास्त लागले समज."

"आणि तू आत अडकलीस तर?"

"दार आतून उघडतं ना?"

"उघडतं. पण मी बाहेर माणूस उभा करणार. त्याला नाही म्हणू नको."

त्या एका गोष्टीला बाईंनी नाही म्हटलं नाही. जुन्या फ्रीझरच्या फोमभरल्या पॅनेलांची एक खोपटी त्यांनी आत एका कोपऱ्यात उभारली. दोन खुर्च्या मावतील एवढी. बाहेरचं युनिट थंडीत, आतलं युनिट खोपटीत. रविवार होता. मी परचेसची बाई, मला तिथे काही काम नव्हतं, पण मी गेले होते. बाई स्लिपर घालून, साडीवरचा तो शर्ट काढून ठेवून खोपटीत जाऊन बसल्या.

सुरुवातीला झकास चाललं. मग बाहेरच्या युनिटवर पांढरं चढायला लागलं. असं झालं की यंत्र थोडा वेळ स्वतःच उलटं फिरतं आणि आपल्या अंगावरचा बर्फ वितळवतं. तो वितळला, पण पाणी खालच्या ट्रेमध्ये साचून पुन्हा गोठलं. त्यावर आणखी. मग आणखी. थोड्याच वेळात पंख्याचं पातं बर्फावर आपटायला लागलं, खडखड खडखड, आणि यंत्र बंद पडलं. बाई खोपटीतून बाहेर आल्या तेव्हा त्यांचे ओठ निळसर झाले होते. हमाल हसत होते. एक म्हणाला, "मॅडम, वाट लागली."

"वाट लागली नाही रे, वाट नव्हती," बाई दात वाजवत म्हणाल्या. "पाण्याला जायला वाट नव्हती."

बाहेर उन्हात आम्ही बर्फाच्या पेट्यांवर बसलो. भावाने चहा आणला. बाईंनी कप दोन्ही हातांत धरला आणि पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलल्या.

"मी शाळेत असताना आईबरोबर पहाटे कोळंबी सोलायला जायचे. बर्फातली कोळंबी. बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात. दुखायची थांबली की समजायचं, आता कामातून गेली. तशीच धावत शाळेत. पहिल्या तासाला पेन धरता यायचं नाही. मास्तरांनी अक्षरावरून छड्या मारल्या. मी सांगितलं, सर, थंडीने बोटं वळत नाहीत. तर सगळ्या वर्गासमोर हसून म्हणाले, मुंबईत कसली थंडी?"

त्यांनी चहा संपवला. "थंडी कुठे असते ते ज्याला लागते त्याला विचारावं गं. नकाशाला नाही."

पुढचे काही महिने बाईंनी यंत्र सोललं आणि परत बांधलं. ट्रेला मोठी भोकं पाडली, तळाशी गरम वायर फिरवली, युनिट उंच घोडीवर चढवलं. मी मागवलेला कॉम्प्रेसर आला. पहिला त्यांनी जाळला, चुकीचं तेल घालून. "माझी चूक," असं चार माणसांत म्हणाल्या आणि दुसरा मागवायला लावला. तो मिळवताना माझं साहेबांशी कडाक्याचं भांडण झालं. मी इतकी वर्षं नोकरी केली, पण त्याआधी कुणाच्या केबिनमध्ये आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. बाईंची सवय लागते माणसाला.

शेवटी साहेब शीतगृहात आले. हमालांचं जाकीट, कानटोपी, हातमोजे, सगळं चढवून. भिंतीवरचा काटा उणे विसावर. बाहेरचं युनिट घोंघावत होतं. मी खोपटीचं दार उघडलं आणि साहेबांना आत ढकललं म्हणायला हरकत नाही. त्यांच्या चष्म्यावर एकदम वाफ धरली. आत बाई पदर खोचून खुर्चीत बसल्या होत्या आणि पुठ्ठ्याने वारा घेत होत्या.

"बसा. जाकीट काढा."

"राहू दे, ठीक आहे."

"काढा हो साहेब. घाम फुटलाय तुम्हाला."

साहेबांनी टोपी काढली, मग मोजे, मग जाकीट. शेवटी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. दोन इंच पॅनेलच्या पलीकडे गोठलेल्या सुरमया रचलेल्या होत्या. साहेबांनी उठून वरून येणाऱ्या हवेत हात धरला.

"मान्य, बाई. चालतं."

"मग?"

"मग काही नाही. घेणार कोण? डोंगरातली चार गावं? तेवढ्यासाठी लाइन टाकता येत नाही. तुम्हालाही कळतं ते."

"मला कळतं. त्या चार गावांना कळत नाही."

"यंत्र हवं तर घेऊन जा. पाठवा तुमच्या मैत्रिणीला. कंपनीतर्फे भेट समजा."

"यंत्र एकटं जाऊन काय करील? ते बसवणारा, बिघडलं तर उघडणारा कोण?"

यंत्र द्यायला साहेब तयार होते, माणूस द्यायला नव्हते. एवढी लांब सुट्टी नियमात बसत नाही म्हणाले. बाईंनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. सगळ्यांनी समजावलं. एचआरची मुलगी रडकुंडीला आली, "मॅडम, आत्ता सोडलंत तर तुमचं नुकसान आहे." बाईंनी तिला लवंग दिली. वेसाव्याचं घर भाचीला राहायला दिलं आणि पावसाळा सरल्यावर त्या यंत्रासकट ट्रकने गेल्या. ट्रकमध्ये, ड्रायव्हरशेजारी बसून. "सामानाला पोचवायला माणूस लागतं," म्हणाल्या.

त्यानंतर बाई मला फोनवरच भेटायच्या. प्रसूतीच्या खोलीत यंत्र बसलं, खोली गरम झाली, भिंतीवरची काजळी बायकांनी धुऊन काढली. बाईंचा आवाज नुसता खणखणत असायचा. डॉक्टरबाईंनी बुखारी काढून टाकूया म्हटलं तेव्हा बाई म्हणाल्या, "कोपऱ्यात असू दे. इथली वीज माझं ऐकत नाही."

आणि मग ऐन हिवाळ्यात तो दिवस आला. रस्ते बंद होते. पलीकडच्या गावातून एका गरोदर बाईला घोड्यावरून आणलं होतं, अडलेली. सकाळी छपरावरचा सगळा बर्फ एकदम घसरला आणि बाहेरच्या युनिटवर कोसळला. यंत्र गाडलं गेलं आणि बंद पडलं. पुढचं मला डॉक्टरबाईंनी सांगितलं. खोली गार पडत चालली होती आणि डॉक्टरबाईंना बोलायला जीभ उचलेना. ज्या यंत्रासाठी आपल्या मैत्रिणीने नोकरी सोडली, त्याच्यासमोर बुखारी पेटवा कसं म्हणायचं? बाई आत आल्या, खोलीच्या हवेत एकदा हात फिरवला आणि स्वतःच ओरडल्या, "बघता काय? बुखारी पेटवा!" आणि फावडं घेऊन बाहेर गेल्या.

दुपारपर्यंत त्यांनी आणि गावातल्या दोन बायकांनी बर्फ उपसला. पंख्याचं वाकलेलं पातं बाईंनी हातमोजे काढून सरळ केलं, कारण मोज्यांत पकड येत नव्हती. यंत्र सुरू झालं. संध्याकाळी मुलगी झाली. आई आणि मुलगी दोघी ठीक. बाईंच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मात्र गेली. हिमदंश. काही आठवड्यांनी डॉक्टरबाईंनीच ती कापली.

मग बाईंचा फोन आला तेव्हा मी रडत होते. त्या नाही.

"अर्धी हरले गं त्या दिवशी."

"बाई, बोटं गेली तुमची आणि अर्धी काय?"

"अर्धीच. धूर झाला खोलीत, तेवढी हरले. आता युनिटवर उतरतं छप्पर घालते, म्हणजे बर्फ पुढे पडेल. तू मला दोन पंखे जास्तीचे पाठव. आणि रडायचं असेल तर फोन ठेवून रड, इथे रेंज मुश्किलीने मिळते."

बाई परत आल्या नाहीत. एका खोलीच्या चार खोल्या झाल्या, मग शाळेचं वसतिगृह झालं. गावातल्या मुलींना त्यांनी यंत्र उघडायला शिकवलं. त्या मुली आता गॅस भरतात, ट्रेची भोकं साफ करतात आणि बाईंनाच चुका दाखवतात. एकीने सांगितलं की युनिट वाऱ्याच्या तोंडाला लावलंय, फिरवा. बाईंनी वाद घातला, हरल्या आणि फिरवलं. ते मला फोनवर अभिमानाने सांगितलं.

यंदा उन्हाळ्यात साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. डोंगरातल्या हॉटेलवाल्यांना आता हीट पंप हवे होते, दुसऱ्या कंपन्या उतरल्या होत्या आणि उणे विसात खरोखर चालवून बघितलेलं माणूस बाजारात सापडत नव्हतं. कॉन्फरन्स रूम भरली होती. डिझाइनची मुलं, सेल्सची मुलं, साहेब, मी. बाई काळवंडल्या होत्या, केस पांढरे झाले होते. साहेबांनी उठून त्यांना आपल्या शेजारची खुर्ची दिली.

"बाई, तेव्हा मी नाही म्हटलं. आता हो म्हणतोय. सल्लागार म्हणून या. तुमच्या अटी सांगा."

"एकच. ज्याला हे यंत्र बनवायचंय किंवा विकायचंय, त्याने आधी एक हिवाळा तिथे काढायचा. प्रसूतिगृहात. यंत्र बंद पडलं की फावडं घेऊन बाहेर जायचं. त्यानंतर हॉटेलं."

सेल्सचा मुख्य हसला. "मॅडम, प्रॅक्टिकल बोलूया ना. व्हिडिओ पाठवा, आम्ही ट्रेनिंग करून घेतो."

"व्हिडिओत थंडी वाजत नाही रे."

"पण कोण जाईल?" साहेब म्हणाले. चिडून नाही, खरंच विचारत होते. "सगळ्यांना घरं आहेत, मुलं आहेत. मी कुणाला हुकूम कसा देऊ? बाई, ही अट सोडा."

"अट सोडली तर मग मी कशाला पाहिजे?" बाई उठल्या. पिशवी खांद्याला लावली. "माझं काम चाललंय तिथे. तुम्ही तुमचं शोधा."

मुलं टेबलाकडे बघत होती. मी परचेसची बाई. मला माथेरानलासुद्धा शाल लागते. सासूबाई थकल्यात, गुडघे माझेही दुखतात, आणि हिवाळा म्हणजे काय ते मी आयुष्यात फक्त एका फ्रीझरच्या दारातून बघितलंय.

"मी जाते," मी म्हणाले.

साहेबांनी मान वळवली. सेल्सवाला म्हणाला, "तुम्ही? तुम्ही तर इंजिनीअरही नाही."

"नाही. पण फावडं धरता येतं मला."

बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवी पुन्हा टेबलावर ठेवली, टोकं गेलेल्या बोटांनी खुर्ची पुढे ओढली, बसल्या आणि समोरच्या सगळ्यांवरून नजर फिरवली.

"एक झाली," त्या म्हणाल्या. "आणखी कोण?"